मदत हवी आहे: रीबूटनंतर पोर्ट ८० दुसऱ्यानेच धरलंय, एंजिनएक्स उठत नाही

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयाची साइट मी सांभाळते. पुस्तकांची यादी, कुठलं पुस्तक बाहेर गेलंय, नवीन काय आलंय, एवढंच आहे तिच्यावर. पण सुट्टीत गावी येणारे लोक निघण्याआधी यादी बघून पुस्तकं राखून ठेवायला सांगतात. साइट बंद पडली की मला चैन पडत नाही.

भाड्याचा लहान सर्व्हर आहे, उबंटू २२.०४ (लिनक्स) आणि पानं पाठवणारा वेब सर्व्हर एंजिनएक्स. दीड वर्षं काही तक्रार नव्हती. काल रात्री कर्नलचं अपडेट आलं म्हणून रीबूट केला आणि साइट गेली. एचटीटीपीएसने उघडली तर 'कनेक्शन नाकारलं'. साध्या एचटीटीपीने उघडली तर अपाचीचं, म्हणजे दुसऱ्याच एका वेब सर्व्हरचं, पान येतं, 'इट वर्क्स!' लिहिलेलं. मी अपाची कधी बसवलेलाच नाही!

एंजिनएक्सच्या लॉगमध्ये ही ओळ लागोपाठ पाच वेळा आहे, म्हणजे पोर्ट ८० (साध्या एचटीटीपीचं दार) आधीच कुणीतरी वापरतंय: 'बाइंड टू ०.०.०.०:८० फेल्ड (९८: अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज)', आणि शेवटी 'स्टिल कुड नॉट बाइंड'. पण 'एंजिनएक्स -टी' चालवलं की टेस्ट सक्सेसफुल सांगतो. मग चूक कुठे शोधू? अपाचीची एक प्रोसेस किल करून पाहिली, लगेच दुसरी उभी राहिली. कृपया मदत करा, शनिवारपासून लोक गावी यायला लागतील.

प्रतिसाद १

एंजिनएक्स पोर्ट ८०८० वर हलवा, लगेच सुरू होईल.

धागाकर्ती

सुरू होईल, पण मग लोकांना पत्त्यापुढे ८०८० टाकायला सांगावं लागेल. आमचे निम्मे वाचक सत्तरीच्या पुढचे आहेत हो.

प्रतिसाद २

ताई, पोर्ट हलवू नका आणि किलही करू नका. अपाचीची मूळ प्रोसेस जिवंत आहे तोवर मारलेल्या कामगार प्रोसेसच्या जागी ती नवीन उभी करणारच.

'-टी'वर या बाबतीत विसंबू नका. तो कॉन्फिगरेशन तपासतो. पोर्ट दुसऱ्याने धरलेलं असलं तरी टेस्टमध्ये ती चूक धरत नाही. खरं उत्तर 'सुडो एसएस -एलटीएनपी' देईल, कुठलं पोर्ट कुणी धरलंय ते ती कमांड दाखवते. सुडो (म्हणजे प्रशासकाचे अधिकार) विसरू नका, नाहीतर पोर्ट दिसेल पण ते कुणी धरलंय ते नाव दिसणार नाही.

एचटीटीपीएस का बंद, तेही यातच आहे. नव्याने बसलेला अपाची फक्त ८० वर ऐकतो. एंजिनएक्सला ८० मिळालं नाही की तो पूर्णच थांबतो, त्यामुळे एचटीटीपीएसच्या ४४३ पोर्टवर कुणीच उरत नाही.

आता एक आठवून सांगा: मध्यंतरी पीएचपी (साइटवर फॉर्म वगैरे चालवायची भाषा) बसवलं होतं का? 'व्हार लॉग एपीटी'मधली हिस्टरी फाइल उघडून बघा; एपीटी म्हणजे उबंटूत सॉफ्टवेअर बसवणारं साधन, त्याने काय काय बसवलं ते तिथे असतं.

धागाकर्ती

बरोबर! एसएसमध्ये ८० समोर अपाची२ असंच नाव आलं. आणि हिस्टरीत तीन आठवड्यांपूर्वीची नोंद सापडली. पुस्तक राखून ठेवायचा फॉर्म करायचा होता म्हणून मी 'एपीटी इन्स्टॉल पीएचपी' दिलं होतं. त्याच नोंदीत पुढे अपाची२ आणि अपाचीचं पीएचपी मॉड्यूल, दोन्हींसमोर 'ऑटोमॅटिक'. फॉर्म तेव्हा चालला नाही, मी तो बाजूला ठेवला. पण मग तीन आठवडे साइट चालली कशी?

प्रतिसाद २

कारण ८० तेव्हा एंजिनएक्सच्या हातात होतं. एका पत्त्यावरचं एक पोर्ट जो आधी मागेल त्याचं. अपाची बसला, सुरू व्हायला गेला, जागा भरलेली बघून पडला. त्या वेळी स्क्रीनवर चूक आली असणार, पण शंभर ओळींत ती कुणाच्या लक्षात येते! मात्र बूट होताना सुरू व्हायच्या यादीत तो गेला. काल दोघेही एकदम निघाले आणि अपाची आधी पोचला.

उबंटूत नुसतं 'पीएचपी' मागितलं की त्याला चालवायला कुणीतरी लागतं: अपाचीचं मॉड्यूल, एफपीएम किंवा सीजीआय. आधीपासून यातलं काही नसेल तर एपीटी पहिला पर्याय उचलतो, म्हणजे अपाची. एंजिनएक्सला हवं असतं एफपीएम, म्हणजे पीएचपी चालवणारी स्वतंत्र सेवा. तुमचा फॉर्मही त्याचमुळे अडला.

आधी 'सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल --नाउ अपाची२' (अपाची आत्ता थांबेल आणि बूटच्या यादीतूनही जाईल), मग एंजिनएक्स स्टार्ट. साइट आली की निवांतपणे पीएचपी ८.१ एफपीएम बसवा आणि त्यानंतरच अपाची व त्याचं मॉड्यूल काढा. क्रम उलटा केलात तर एपीटी भलतंच काही काढायला किंवा बसवायला निघू शकतो. काढण्याआधी दाखवलेली यादी नीट वाचा, घाईत 'वाय' दाबू नका.

धागाकर्ती

झालं! दुसरी कमांड दिली आणि साइट परत आली. मग एफपीएम बसवलं, अपाची काढला. खात्री वाटेना म्हणून मुद्दाम आणखी एकदा रीबूट केला, आणि एसएसमध्ये ८० समोरही एंजिनएक्स, ४४३ समोरही एंजिनएक्स. तेव्हा कुठे जिवात जीव आला.

एंजिनएक्सच्या साइटच्या फाइलमध्ये एफपीएमच्या सॉकेटचा मार्ग दिल्यावर फॉर्मही सुरू झाला. आज दुपारी त्यावरून पहिलं पुस्तक राखून ठेवलं गेलं. दादा, तुमचे मनापासून आभार.