बहीण जेवल्यावर रोज उलटी करते, बुलिमिया (भरमसाठ खाऊन मग उलटी करायचा आजार) असेल का? तिच्याशी कसं बोलू?

मोठी_ताई
धाकटी बहीण 20 वर्षांची, पुण्यात होस्टेलला असते, गणपतीत घरी आलीये. जेवण झालं की लगेच बाथरूममध्ये जाते, नळ फुल सोडलेला, पंधरा मिनिटं बाहेर येत नाही. आम्हाला वाटलं पित्त असेल, आई कोकम सरबत देत राहिली. मग कपाट आवरताना तिच्या ओढण्यांच्या खाली गौरीच्या फराळाचा डबा सापडला, रिकामा, आणि घासून पुसून ठेवलेला. तो पुसलेला डबा बघून मला रडूच आलं. दिवसा मात्र काही खात नाही, संकष्टी काय सोमवार काय, सगळे उपास धरते. बारीक अजिबात नाहीये म्हणून आईला पटत नाही आणि बाबा म्हणतात नाटकं आहेत. हे बरं होतं का? जेवल्यावर बाथरूमला कुलूप लावू का?

पुन्हा_जेवते
ताई, कुलूप नको प्लीज. माझ्या घरी लावलं होतं, त्याने मी फक्त जास्त चांगलं लपवायला शिकले. मला सहा वर्षं होता हा आजार, आता चार वर्षं झाली, काही नाही.

लोकांना वाटतं खादाडपणा आहे नाहीतर मनावर ताबा नाही. आतून असं असतं की सकाळपासून पोटात काही नाही, संध्याकाळी फ्रीजपाशी उभं राहून जे हाताला लागेल ते गिळायचं, चवसुद्धा कळत नाही, मग स्वतःची किळस येते, मग उलटी, आणि मग शपथ की उद्या काहीच खायचं नाही. त्या शपथेनेच उद्याचा सगळा प्रकार सुरू होतो हे मला थेरपिस्टकडे गेल्यावर कळलं. तिने पहिल्या दिवशी उलटीचा विषयच फार काढला नाही, म्हणाली आधी जेव. तीन जेवणं, मधे दोन-तीनदा थोडं खाणं, चार तासांपेक्षा जास्त गॅप नाही, भूक असो नसो. आणि एक वही, काय खाल्लं, कधी, तेव्हा डोक्यात काय चाललं होतं. महिन्याभराने वही चाळली तर जवळजवळ प्रत्येक वाईट संध्याकाळच्या आधी दुपारचा डबा तसाच परत आलेला होता. याला सीबीटी म्हणतात, विचार आणि सवयी बदलायची थेरपी, साधारण वीसेक सेशन्स असतात. पहिले काही आठवडे भीती वाटायची की मी फुगणार. परीक्षेत एकदा परत झालं तेव्हा ती एवढंच म्हणाली, पुढचं जेवण वेळेवर घे.

उपास सोडावे लागले. घाबरत आजीला सांगितलं तर म्हणाली, "तुझ्या वाटची चतुर्थी मी धरते, तू जेव."

दातांची_डॉक्टर
वजनावरून ठरवू नका, बुलिमियातल्या बहुतेकांचं वजन नॉर्मल किंवा थोडं जास्तच असतं. जेराल्ड रसेल या डॉक्टरांनी लंडनमध्ये 1979 साली हा आजार वेगळा म्हणून मांडला, त्याआधी याला धड नावही नव्हतं.

आधी फिजिशियनकडे नेऊन रक्तातलं पोटॅशियम आणि ईसीजी करून घ्या. वारंवार उलट्यांनी पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हे खरंच गंभीर आहे. चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं, उलटीत रक्त दिसलं तर थेट कॅज्युअल्टीत जा, वाट बघू नका. पोट साफ व्हायची चूर्णं, गोळ्या घेते का तेही डॉक्टरांना सांगा. माझ्याकडे अशा मुली दात सळसळतात म्हणून येतात, वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू आम्लाने झिजलेली असते. उलटीनंतर लगेच ब्रश नको, नुसत्या पाण्याने चूळ भरायची. फ्लुओक्सेटिन नावाचं औषध उपयोगी पडतं, पण ते सायकियाट्रिस्टनेच ठरवायचं.

नाशिकची_आई
माझ्या मुलीला होतं म्हणून लिहितेय. ताटावर बसलेली असताना विषय काढू नकोस. मी कपड्यांच्या घड्या घालताना बोलले, एकमेकींकडे बघावं लागत नाही ना. "तू असं का करतेस" नको, "मला तुझी काळजी वाटतेय" एवढंच म्हण, आणि डब्याबद्दल उलटतपासणी नको. जेवल्यानंतरचा तास तिला सगळ्यात जड जातो, तिला चालत असेल तर तेव्हा पत्ते खेळा, चक्कर मारून या. आणि लग्नाकार्यात "जरा भरलीस हं" म्हणणाऱ्या मावश्या-काकवांना आधीच गप्प करा, मी माझ्या सख्ख्या जावेला केलं. बाबांना सांग, प्रिन्सेस डायनाने 1995 मध्ये टीव्हीवर स्वतः सांगितलं होतं की तिला कित्येक वर्षं बुलिमिया होता, नाटकं कोण असली करतं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. जिवाचं काही बरंवाईट बोलली तर एकटी सोडू नकोस.

मोठी_ताई
काल रात्री बोलले, घड्या घालतानाच. आधी गप्प बसली, मग म्हणाली "तुला डबा सापडला ना?" आणि तासभर माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीये, मी सोबत जाणार. बाबांना मात्र ती स्वतः सांगणार म्हणाली. आज संकष्टी आहे. आईने सकाळी काही न विचारता दोन बश्यांमध्ये पोहे काढले आणि तिच्या शेजारी बसून स्वतःही खाल्ले.