मानसिक आरोग्याच्या सत्रात कृष्णवर्णीयांचा इतिहास कशासाठी?

ऋता_क
नमस्कार. मी समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे आणि अमेरिकेतील आफ्रिकन-अमेरिकन समाजाच्या मानसिक आरोग्यावर मला वर्गात सादरीकरण करायचे आहे. वाचलेल्या बहुतेक लेखांचा सूर एकच आहे: या समाजात मानसिक आजाराविषयी संकोच फार, माणसे उपचारांना उशिरा येतात, म्हणून जनजागृती हवी. संकोच तर आपल्याकडेही घरोघरी आहे. मग तिथल्या जागृतीच्या कार्यक्रमांत थेट गुलामगिरीपासूनचा इतिहास का सांगितला जातो? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अरविंद_ब
माणसे उपचारांना का बिचकतात हे समजून घ्यायचे, तर उपचार करणाऱ्यांनी पूर्वी काय करून ठेवले आहे ते आधी पाहावे लागते. सॅम्युअल कार्टराइट या लुईझियानातील डॉक्टरने १८५१ मध्ये तिथल्या वैद्यक संघटनेपुढे एक अहवाल मांडला आणि मालकाला सोडून पळून जाण्याची गुलामाची इच्छा हा मनाचा आजार असल्याचे सांगून त्याला 'ड्रेपटोमेनिया' असे नाव दिले. त्याच अहवालात कामचुकारपणाचाही एक आजार आहे आणि त्यावरचा इलाज वाचताना अंगावर काटा येतो: रुग्णाला कोमट पाण्याने व साबणाने स्वच्छ धुवावे, सर्वांगाला तेल लावावे, रुंद चामडी पट्ट्याने मारून ते तेल अंगात जिरवावे आणि मग त्याला उन्हात कष्टाच्या कामाला लावावे. चाबकाला औषधोपचाराचा दर्जा मिळाला तो असा.

त्याआधी १८४० च्या जनगणनेचा घोळ झाला होता. उत्तरेकडील स्वतंत्र कृष्णवर्णीयांत वेडाचे प्रमाण दक्षिणेतील गुलामांपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे तिच्यातून दिसत होते. एडवर्ड जार्व्हिस या डॉक्टरने आकडे तपासले, तेव्हा काही गावांत कृष्णवर्णीयांच्या एकूण संख्येपेक्षा कृष्णवर्णीय वेड्यांचीच संख्या जास्त नोंदलेली आढळली आणि वूस्टर येथील मनोरुग्णालयातील गोरे रुग्णही कृष्णवर्णीयांच्या रकान्यात गेलेले निघाले. जेम्स मॅक्यून स्मिथ या कृष्णवर्णीय डॉक्टरनेही हे आकडे खोडून काढले. तरीसुद्धा परराष्ट्रमंत्री जॉन कॅल्हून यांनी १८४४ मध्ये गुलामगिरीच्या समर्थनार्थ ते खुशाल वापरले. स्वातंत्र्य या लोकांना झेपत नाही, हा निष्कर्ष आधीच ठरलेला होता. आकडे त्याच्या दिमतीला आणले गेले.

मेधा_जोगळेकर
एकोणिसाव्या शतकातच थांबू नये, नाहीतर वर्गाला हे सगळे जुन्या काळचे अज्ञान वाटेल. मेरीलँडमधील क्राउन्सव्हिल येथे १९११ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी वेगळे मनोरुग्णालय काढले, तेव्हा ते बांधण्याच्या कामाला रुग्णांनाच जुंपले होते. ज्यांच्यावर उपचार व्हायचे त्यांनीच जंगल साफ करून इमारत उभी करायची, अशी ती व्यवस्था होती, आणि ती संस्था २००४ पर्यंत चालू होती.

माझ्या मते सर्वांत बोलका काळ १९६० नंतरचा आहे. नागरी हक्कांचा लढा ऐन भरात असताना १९६८ मध्ये दोन मनोविकारतज्ज्ञांनी कृष्णवर्णीयांच्या संतापाला जोडून 'निषेधाचा मनोविकार' अशी संकल्पना मांडली. मिशिगनमधील आयोनिया येथील मनोरुग्णालयाच्या नोंदी अभ्यासणाऱ्या जोनाथन मेट्झल यांनी दाखवले आहे, की पूर्वी प्रामुख्याने गोऱ्या रुग्णांना, त्यातही गृहिणींना लावले जाणारे स्किझोफ्रेनियाचे निदान याच काळात कृष्णवर्णीय पुरुषांकडे वळले. १९७४ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात हॅल्डॉल या मनोविकारावरील औषधाची जाहिरात आली. तिच्यात चेहरा रागाने वेडावाकडा झालेला, मूठ उगारलेला कृष्णवर्णीय पुरुष शहरातल्या रस्त्यावर उभा आहे. औषध कोणासाठी, हे सांगायला त्या चित्रात आणखी काही लागत नव्हते.

परदेशस्थ_पाटील
वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण सगळे खापर इतिहासावर फोडू नये असे वाटते. मी बरीच वर्षे न्यू जर्सीत राहतो. इथे समुपदेशनाचा खर्च आणि विम्याच्या अटी पाहिल्या, की भल्याभल्यांचा धीर सुटतो. शिवाय कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ इतके थोडे आहेत, की आपल्या समाजातला डॉक्टर मिळणे हीच अनेकांना मोठी अडचण असते. हे आजचे प्रश्न आहेत आणि आजच्या धोरणाने ते सुटू शकतात.

दुसरे असे, की कृष्णवर्णीय माणूस या इतिहासात केवळ सोसणारा म्हणून येऊ नये. लायबेरियात जन्मलेले सॉलोमन कार्टर फुलर म्युनिकमध्ये अल्झायमर यांच्या प्रयोगशाळेत काम करून आले आणि त्या आजारावर अमेरिकेत त्यांनी पायाभूत संशोधन केले. चेस्टर पिअर्स यांनी १९६९ मध्ये कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला; रोजच्या बारीकसारीक अपमानांचा मनावर साचत जाणारा परिणाम वैद्यकाच्या चर्चेत आणण्याचे श्रेयही त्यांचेच. न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत १९४६ साली एका चर्चच्या तळघरात लाफार्ग क्लिनिक सुरू झाले. संध्याकाळी चालणाऱ्या त्या दवाखान्यात डॉक्टर विनावेतन बसत, शुल्क २५ सेंट असे आणि ज्याला तेही परवडत नसे त्याला ते माफ होई. तिथे रांगा लागत. संकोचाच्या सिद्धांताचे काय करायचे ते तुम्हीच ठरवा.

ऋता_क
सर्वांचे मनःपूर्वक आभार. शाळांतील वर्णभेदाच्या खटल्यात बाहुल्यांचा प्रयोग पुरावा म्हणून आला होता, एवढे वाचले आहे. तो या सादरीकरणात बसेल का?

मेधा_जोगळेकर
जरूर घ्या. मेमी आणि केनेथ क्लार्क या दांपत्याने लहान मुलांपुढे गोऱ्या व तपकिरी बाहुल्या ठेवून चांगली कोणती, वाईट कोणती आणि तुझ्यासारखी कोणती असे विचारले. बऱ्याच कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. शेवटच्या प्रश्नाला काही मुले रडू लागली. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवताना या संशोधनाची दखल घेतली. लाफार्गच्या डॉक्टरांनीही डेलावेअरमधील मुलांना तपासून त्याच लढ्यातील एका खटल्यासाठी साक्ष दिली होती, त्यामुळे हे दोन धागे एकत्र मांडता येतील. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने आपल्या वर्णभेदी वारशाबद्दल जाहीर माफी मागितली ती २०२१ मध्ये. ते वर्ष कार्टराइटच्या अहवालासोबत एकाच स्लाइडवर ठेवा. मधली १७० वर्षे वर्गाला आपोआप दिसतील.