ईपीएसचा (इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा) दिवा लागून स्टिअरिंग जड होतं, बंद-चालू केलं की ठीक: कॉलम (स्टिअरिंगचा दांडा) बदलावाच लागेल का?

वळणवाट (प्रश्न)
छोटी पेट्रोल कार, ७ वर्षं, ८२ हजार किमी. सकाळी पार्किंगमधून मागे-पुढे करत काढताना स्टिअरिंग एकदम जड होतं आणि ईपीएसचा पिवळा दिवा लागतो. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं की दिवा जातो, स्टिअरिंगही हलकं. रस्त्यावर वेगात असताना असं कधीच होत नाही. टायरमधली हवा बरोबर आहे. गॅरेजवाले स्कॅनर न लावताच म्हणतात, मोटर गेली, अख्खा कॉलम बदला. त्याआधी काय काय तपासावं? आणि स्टिअरिंग ऑइलची बाटली बॉनेटखाली कुठेच दिसत नाही, ती कुठे असते?

पाना_१०
बाटली नाही, कारण तुमचं स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालतं, यात तेलच नाही. तेलाचा पंप मोटरने फिरवणाऱ्या काही गाड्या असतात, त्यांना बाटली असते. तुमची त्यातली दिसत नाही.

स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक सळई असते, टॉर्शन बार. तुम्ही स्टिअरिंग फिरवता, खाली चाकं अडून बसतात आणि ही सळई थोडीशी पिळली जाते. तो पीळ टॉर्क सेन्सर मोजतो. पीळ किती आणि गाडीचा वेग किती, यावरून कंट्रोल युनिट मोटरला करंट सोडतं आणि मोटर वर्म गिअरमधून दांड्याला जोर देते. वेग वाढला की मदत कमी होते.

उभ्या गाडीत टायर जागच्या जागी घासत वळतात, तेव्हा मोटर सगळ्यात जास्त करंट खेचते. छोट्या गाडीतही ४०-५० अँपिअर सहज. सरळ रस्त्यावर तेवढा लागतच नाही. पुरवठा कमकुवत असेल तर नेमक्या त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि युनिट स्वतःला बंद करून घेतं. पुन्हा सुरू करताना भार नसतो, म्हणून युनिटची स्वतःची चाचणी पास होते. तुमचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं. कॉलमला हात लावायच्या आधी स्कॅन करून घ्या, तोही ईपीएस मॉड्यूलचा. फक्त इंजिन वाचणाऱ्या स्वस्त स्कॅनरला हे बिघाडाचे कोड दिसत नाहीत. कोड लो व्होल्टेजचा निघाला तर मोटरवर संशय घेऊ नका.

मल्टीमीटर
सहमत. मोजायचं असं:

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मगच पुढचं. स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरीच थकली आहे. इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.५.

आता खरी चाचणी. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खांबावर), दुसरं ईपीएस युनिटच्या अर्थिंगवर. इंजिन सुरू ठेवून दुसऱ्याला स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. त्या वेळी ०.२-०.३ च्या वर आकडा जाता कामा नये. गेला तर एक एक सांधा पुढे सरकत मोजा: खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते बॉडीचा बोल्ट, बॉडी ते युनिट. पॉझिटिव्ह बाजूलाही तसंच, त्यात ईपीएसचा मोठा फ्यूज नीट बघा. बऱ्याच गाड्यांत तो बोल्टने आवळलेला असतो. फ्यूज शाबूत असतो, पण बोल्ट सैल झालेला आणि शेजारचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. त्या बोल्टला पाना लावण्याआधी निगेटिव्ह काढलाच पाहिजे.

रबरबूट
विजेचं सगळं ठीक निघालं तर पुढची चाकं जॅक-स्टँडवर उचला आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवा. कुठे अडकलं तर स्ट्रटच्या (पुढच्या शॉकअबसॉर्बरच्या) वरचं बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा खालचा युनिव्हर्सल जॉइंट गंजलाय. मोटर ते ओझं निमूटपणे ओढत राहते आणि तापते. तापली की युनिट मदत हळूहळू कमी करतं, थंड झाल्यावर परत देतं. म्हणून स्टिअरिंग शेवटच्या टोकाला दाबून धरायची सवय मोडा. रॅकचे (चाकं वळवणाऱ्या आडव्या दांड्याचे) रबर बूट दर सर्व्हिसला बघा. फाटलेल्या बुटातून पाणी आत गेलं की रॅक गंजते. मोटर रॅकवरच असलेल्या गाड्यांत तर त्याच पाण्याने सेन्सरही जातो.

वळणवाट
बॉडीच्या बोल्टवर ०.९ व्होल्ट येतायत. साफ करायला बॅटरी सोडली तर काही सेटिंग जाईल का?

मल्टीमीटर
सापडलं. ५० अँपिअरला ०.९ म्हणजे त्या एका सांध्यात ४५ वॅटची उष्णता. बोल्ट काढून लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) आणि पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, आवळा, वरून थोडं पेट्रोलियम जेली. नंतर पुन्हा मोजा.

बॅटरी जोडल्यावर काही गाड्यांत स्टिअरिंग अँगल सेन्सर मधली जागा विसरतो आणि दिवा राहतो. इंजिन सुरू करून दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, सरळ आणा, थोडं अंतर चालवा. तरी दिवा राहिला तर स्कॅनरने शून्य सेट करून घ्या.

पाना_१०
पुढे कधी कॉलम उतरवायची वेळ आलीच तर चाकं सरळ ठेवून स्टिअरिंग बांधून ठेवायला सांगा. मोकळं सुटून गरगर फिरलं तर एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगमधली गुंडाळलेली वायरपट्टी) तुटते.