मरण गरीब-श्रीमंत बघतंच की
दादा, तुम्ही म्हणताय मरण गरीब-श्रीमंत बघत नाही, पण मला नाही पटत. मी जत तालुक्यात शिकवते, इकडं दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, रात्रीचा ट्रॉलीवरचा प्रवास, दुखणं अंगावर काढायचं आणि मोठा दवाखाना म्हणजे पार मिरजेला. मिरजेत शिकवायचे तेव्हा बाप नसलेलं पोर वर्गात एखादंच, इथं पाच आहेत. त्यातला एक वडलांचं घड्याळ घालून येतो, पट्ट्याला खिळ्यानं जादा भोकं पाडलीत तरी कोपरापर्यंत सरकतं. बालसंगोपन योजनेतनं महिन्याला 2250 रुपये मिळू शकतात, पण मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, त्यात आईची मजुरी बुडते, म्हणून आता त्याचा फॉर्म मीच भरतेय.