प्रतिसाद: कॅलप्रोटेक्टिनचे दोन आकडे जुळत नाहीत तेव्हा

वर विचारलंय की इंदूरला राजवाड्याजवळच्या लॅबमध्ये शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याला सूज असली की वाढणारं प्रथिन) १८० आलं, आठवड्याने विजयनगरला ९०, खरं कोणतं? दोन्ही खरी असू शकतात. एलायझाच्या (अँटिबॉडी वापरून प्रथिन मोजणाऱ्या चाचणीच्या) प्रत्येक किटमधली अँटिबॉडी आणि कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा ठरवायचं प्रमाण, वेगळं असतं, म्हणून तुलना त्याच किटवरच्या आकड्यांचीच करावी. शिवाय एकाच माणसाचा आकडा रोज बदलतो. सकाळचा पहिला नमुना घ्या, दोन-तीन जागांहून.

सगळ्यात जास्त चूक होते ती लॅबमध्ये नमुना बफरमध्ये (प्रथिन काढून घ्यायच्या द्रावणात) काढताना. साधारण १०० मिलिग्रॅम नमुना ५ मिलिलिटर बफरमध्ये, म्हणजे १:५०. पातळ शौचाला खाचेची काडी (ठरावीक नमुना उचलायची) नीट धरत नाही, नमुना कमी जातो आणि आकडा खोटा खाली येतो. तिथे वजनच करावं. शौचाची घट्ट गोळी पूर्ण विरघळेपर्यंत व्हॉर्टेक्स करा, म्हणजे यंत्रावर जोरात ढवळा. मे महिन्यातल्या इंदूरच्या उन्हात डबी स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, प्रथिन तुटतं. बर्फाच्या पिशवीसोबत त्याच दिवशी पोचवा.

५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली आतड्याला सूज असण्याची शक्यता कमी, २५० च्या वर कोलोनोस्कोपीचा विचार. मधल्या आकड्यांवर घाबरून धावू नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकनेही आकडा वाढतो, म्हणून डॉक्टरांना विचारून ती बंद करा आणि काही आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा.