प्रतिसाद: फीड वाचायला क्लास कशाला?
पीएचपीत फीड, म्हणजे साइटवरच्या नव्या मजकुराची प्रोग्रामने वाचायची एक्सएमएल यादी, वाचायला वेगळा क्लास (डेटा आणि त्यावरचं काम एकत्र बांधणारा कोडचा साचा) लिहावा का, असा प्रश्न आहे. ‘एवढ्याशा कामाला क्लास कशाला, सिंपलएक्सएमएलने फाइल उघडून एक फॉरईच फिरवला की झालं,’ असं त्यावर वर एकाने म्हटलंय; म्हणजे पीएचपीच्या तयार सोयीने एक्सएमएल उघडायचं आणि लूपने एकेक नोंद घ्यायची. फीडच्या मुख्य जाती दोन, आरएसएस आणि ॲटम. फक्त आरएसएस वाचायचं असेल तर मान्य. पण ॲटमची फीड आली की तो फॉरईच कोलमडतो. आरएसएसमध्ये लिंक टॅगच्या आत मजकूर म्हणून असते, ॲटममध्ये टॅगलाच जोडलेल्या एचरेफ ॲट्रिब्यूटमध्ये. तारखांचा साचाही निराळा. म्हणून दोन पार्सर (फीड वाचून तुकडे वेगळे करणारे) क्लास, दोघांना एकच इंटरफेस (वापरायची पद्धत सारखी), आणि बाहेर पडणारा बातमीचा ऑब्जेक्ट (क्लासवरून बनलेली वस्तू) सारखा. मग पान दाखवणाऱ्या कोडला फीड कुठल्या जातीची ते कळायचं कारणच उरत नाही.

ईटॅगचा, म्हणजे फाइलच्या सध्याच्या आवृत्तीची ओळख म्हणून सर्व्हर पाठवतो त्या खुणेचा, विषय मात्र कुणीच काढला नाही, आणि क्लासचा खरा फायदा मला तिथेच दिसतो. सर्व्हरने दिलेला ईटॅग फीडच्या ऑब्जेक्टमध्ये ठेवा, अवतरणचिन्हांसकट, जसाच्या तसा. पीएचपीत रिक्वेस्ट संपली की ऑब्जेक्टही जातो, म्हणून ईटॅग डेटाबेसमध्ये लिहा आणि पुढच्या वेळी फीड मागताना इफ-नन-मॅच हेडरमधून (मागणीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीतून) परत पाठवा. फीड बदलली नसेल तर ईटॅग पाळणारा सर्व्हर नुसता ३०४, म्हणजे ‘बदल नाही’ असा कोड, देतो, मजकूर उतरवावाच लागत नाही. छोट्या ब्लॉगवाल्यांच्या सर्व्हरवर दर थोड्या वेळाने अख्खी फाइल मागत राहणं बरं नव्हे.