मदत हवी आहे: टीव्हीला जोडायचा वेगळा बॉक्स आता घ्यावा का?

मंडळी, आईबाबांकडचा टीव्ही जुना आहे, पण चित्र अजून सुरेख दिसतं. तो काढून टाकायचं जिवावर येतं, म्हणून इंटरनेटवरून मालिका-सिनेमे दाखवणारा स्ट्रीमिंगचा बॉक्स किंवा स्टिक जोडायचा विचार आहे. फक्त ती निदान पाच वर्षं चालायला हवी. रिमोट बदलला की बाबांची फार पंचाईत होते.

पण या धंद्याचं पुढे काय होणार, तेच कळत नाही. गूगलने 2013 पासूनचं क्रोमकास्ट, म्हणजे त्यांचं टीव्हीला जोडायचं यंत्र, 2024 मध्ये बनवणं बंद केलं. मार्च 2025 मध्ये तर दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट केवळ यंत्राची ओळख पटवणाऱ्या एका डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपल्याने जगभर अडून बसली. दुरुस्ती आली, तरी मला ते फार काळजीचं वाटलं: यंत्र धडधाकट, आणि तरी बंद! अ‍ॅमेझॉनने 2025 च्या फायर टीव्ही स्टिक 4के सिलेक्टमध्ये अँड्रॉइड सोडून स्वतःची वेगा ओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम आणली. तिच्यात बाहेरून अ‍ॅप टाकता येत नाही. असेच बॉक्स विकणाऱ्या रोकू या अमेरिकी कंपनीची मुख्य कमाई बॉक्सची नाहीच, जाहिराती आणि सबस्क्रिप्शनची आहे. सगळं टीव्हीतच मिळू लागल्यावर स्वस्त बॉक्स हळूहळू आटतील आणि उरलेल्यांवर जाहिराती वाढतील, असा माझा अंदाज आहे.

तुम्हाला काय वाटतं? कोणाकडे चार-पाच वर्षं जुना बॉक्स आहे का? त्याला अजून अपडेट येतात का, मराठी मालिकांची अ‍ॅप नीट चालतात का? की सरळ नवा टीव्हीच घ्यावा? दिवाळीपूर्वी ठरवायचं आहे, कृपया अनुभवाचं सांगा.